पहिल्या नंबरानं उचललेला गडी

"डॅरियन फुकट गेला का, हो?" हा प्रश्न मला गेल्या दोन-तीन वर्षांत ग्रोसरीच्या लायनीत विचारला गेलाय, डेंटिस्टच्या खुर्चीत तोंड उघडं असताना विचारला गेलाय आणि मंडळाच्या गणपतीत आरतीचं ताट हातात असतानाही. विचारणाऱ्यांपैकी निम्म्यांना फुटबॉल पायानं खेळतात एवढंच ठाऊक. पण डॅरियनला निवडण्यात माझा हात होता आणि हॅलिफॅक्स काही फार मोठं गाव नाही, त्यामुळे उत्तर माझ्याकडे असणारच असं सगळ्यांनी धरून ठेवलंय. माझ्याकडे ते नाही. मंडळाच्या अंकाच्या संपादकबाई म्हणाल्या, "शुभाताई, तुमच्या नोकरीबद्दल लिहा, जरा हलकंफुलकं." बघते जमतंय का. मी स्वतःच गोंधळलेली आहे, तेव्हा वाचणाऱ्यानं फार अपेक्षा ठेवू नये.

आधी माझं काम काय होतं ते सांगते, कारण ते माझ्या सख्ख्या बहिणीलाही अजून कळलेलं नाही. ती कराडात सगळ्यांना सांगते की शुभा कॅनडात पहिलवानांचे पेपर तपासते. तसं ते फार चूक नाही.

इथलं फुटबॉल म्हणजे अमेरिकन फुटबॉलचा चुलतभाऊ. मैदान त्यांच्यापेक्षा मोठं, गडी अकराऐवजी बारा, बाकी धसमुसळेपणा तोच. चेंडू हातात घेऊन पळायचं नाहीतर पुढे फेकायचा, आणि समोरच्यांनी पळणाऱ्याला आडवं पाडायचं. एक डाव जेमतेम पाच-सात सेकंदांचा. मग सगळे उठतात, अंग झाडतात, घोळका करून कुजबुजतात आणि पुन्हा समोरासमोर उभे राहतात. एका मॅचमध्ये असे शंभरावर डाव होतात. टीव्हीवर तुम्हाला चेंडू दिसतो. मला क्लबकडून यायची ती फिल्म उंचावरून घेतलेली असते, तिच्यात चोवीसच्या चोवीस माणसं दिसतात. मी चेंडूकडे बघतच नसे. एका डावात बचाव करणारा एकच गडी धरायचा, त्याला बघायचं, मार्क द्यायचे, फिल्म मागे न्यायची, दुसरा गडी धरायचा. एक मॅच संपवायला मला अडीच दिवस लागत. सकाळी साडेआठला बेसमेंटमध्ये उतरायचं, दुपारी जेवायला वर यायचं.

कराडला मी अकरा वर्षं गणित शिकवलं आणि दहावीच्या बोर्डाचे गठ्ठे तपासले. माझे यजमान इथल्या नौदलाच्या डॉकयार्डात लागले म्हणून आम्ही आलो. मला शाळेत शिकवायचं तर सगळी परवाने-पत्रं नव्यानं काढायची होती. तोपर्यंत काहीतरी असावं म्हणून युनिव्हर्सिटीच्या क्रीडा विभागात फिल्मवर लेबलं लावायची नोकरी धरली. तिथे कोच प्रत्येक गड्याला प्रत्येक डावासाठी एकच खूण करत: काम झालं तर अधिक, नाही झालं तर उणे. मी आठवडाभर ते बघितलं आणि मला राहवेना. मी विचारलं, "पायऱ्यांचे मार्क कुठायत?"

कोणाला काही कळेना. मी फळ्यावर समजावून सांगितलं. आमच्याकडे पाच मार्कांचं गणित असतं. पोराचं उत्तर चुकलं म्हणून आम्ही भोपळा देत नाही. सूत्र बरोबर, एक मार्क. किमती नीट घातल्या, एक मार्क. शेवटच्या बेरजेत गडबडला तर तेवढाच कापायचा. तसं या गड्यांचं करा. नीट उभा राहिला का, पहिलं पाऊल बरोबर टाकलं का, हात वेळेवर लावले का, आपली जागा सोडली नाही ना, आणि शेवटी पाडलं का. पाच पायऱ्या, पाच मार्क.

कोचांचा एक मदतनीस होता, ग्रेग. तोंडात कायम पेनचं टोपण. तो एकटाच म्हणाला, "हे करून बघू." आणि तिथून माझी शाळा कायमची सुटली. पुढे ग्रेग पश्चिमेकडच्या एका व्यावसायिक क्लबात खेळाडू निवडणारा मुख्य झाला. क्लबचं नाव लिहीत नाही, ज्यांना कळायचं त्यांना कळेल. त्यानं मला हॅलिफॅक्समधूनच काम करायला ठेवलं. तिथे माझं नाव पडलं मिसेस के, कारण खटावकर म्हणणं एकालाही जमलं नाही.

गमती पुष्कळ. एकदा सव्वाशे किलोच्या एका गड्यानं फोन करून अर्धा तास वाद घातला. अमुक डावात मी त्याला दोन दिले होते, त्याचं म्हणणं साडेतीन. मी म्हटलं, अर्धे मार्क मी देत नाही. मग म्हणाला, तीन द्या. मी फिल्म पुन्हा बघितली. त्याचं खरं होतं, हाताचा एक मार्क माझ्याकडून राहिला होता. मी दिला. तेव्हापासून तो दर ख्रिसमसला कार्ड पाठवतो, त्यावर खाली लिहितो, "आभार, तीन मार्कांबद्दल." पुनर्मूल्यांकनाला मी कधी नाही म्हटलं नाही. बोर्डात आमचे मॉडरेटर म्हणायचे, पेपर तपासणाऱ्यानं स्वतःवर थोडा संशय ठेवावा. मी ठेवत होते असं मला वाटायचं.

आता डॅरियन.

दर वसंतात इथे ड्राफ्ट होतो. देशभरच्या युनिव्हर्सिट्यांतून खेळून निघालेली कॅनेडियन पोरं क्लब आळीपाळीनं निवडतात. गेल्या मोसमात जो तळाला, त्याला पहिली निवड. आम्ही इतके तळाला होतो की पहिला नंबर आमचाच. डॅरियन हॅलिफॅक्सच्या युनिव्हर्सिटीतला. उंच, लांब हातांचा, बचावाच्या रांगेत अगदी टोकाला उभा राहणारा. त्याचं काम वळसा घालून समोरच्या क्वार्टरबॅकवर जाणं. क्वार्टरबॅक म्हणजे चेंडू फेकणारा, त्यांचा म्होरक्या. त्यानं चेंडू टाकायच्या आत त्याला पाडलं की त्याला सॅक म्हणतात, आणि सॅक करणाऱ्या गड्याचं नाव दुसऱ्या दिवशी पेपरात येतं.

मी त्याच्या तीन वर्षांच्या फिल्म बघितल्या. इतकं स्वच्छ पहिलं पाऊल मी कुणाचं बघितलं नव्हतं. समोरचे डाव कुठे वळवणार हे त्याला चेंडू हलायच्या आतच कळल्यासारखं दिसे. कधी आत शिरणार, कधी बाहेर थांबणार, चूक म्हणून नाही. पाचांपैकी पाच, पाचांपैकी पाच. मला गठ्ठ्यात एखादा शंभर मार्कांचा पेपर लागावा तसा आनंद झाला होता, तो मी लपवणार नाही.

एक अडचण होती. डॅरियनच्या आईला मी ओळखत होते. लोरेन शहराच्या बसवर ड्रायव्हर. मी युनिव्हर्सिटीत जायचे ती आठ दहाची बस तीच चालवायची, आणि मी नेहमी पुढच्या सीटवर. पोरगा पाचवीत असल्यापासून त्याचे गुडघे, त्याचा अभ्यास, त्याची बुटांची मापं मला ठाऊक होती. बोर्डाचा नियम असा की ओळखीच्याचा पेपर तपासायचा नाही, गठ्ठा परत करायचा. मी ग्रेगला सांगितलं. तो हसला. "मिसेस के, हॅलिफॅक्समध्ये कुणाच्या आईला तुम्ही ओळखत नाही?" मी रिपोर्टात लिहिलं, "डाव ओळखण्यात याच्या तोडीचा दुसरा नाही. पहिल्या नंबरानं घ्यावा." त्यांनी घेतला. दुसऱ्या दिवशी लोरेननं मला बसस्टॉपवर बघून तीनदा हॉर्न वाजवला. तिच्या पंचवीस वर्षांच्या नोकरीत तिनं विनाकारण वाजवलेला तेवढाच.

पुढच्या दोन मोसमांत त्यानं तीन सॅक केले. दोन मोसमांत तीन. त्याच्यामागून, चौथ्या फेरीत निवडलेल्या एकानं एका मोसमात त्याहून जास्त केले. रेडिओवर लोक फोन करून त्याला शिव्या घालू लागले. इथे अशा गड्याला बस्ट म्हणतात. आपल्याकडे म्हणतात, नाव मोठं लक्षण खोटं.

आणि माझे मार्क? माझे मार्क चांगले होते, हीच तर पंचाईत. उभं राहणं बरोबर, हात बरोबर, जागा सोडली नाही. पाचांत तीन, चार. ग्रेगचा फोन आला. "मिसेस के, तुमच्या कागदानुसार हा माझ्या रांगेतला दुसऱ्या क्रमांकाचा गडी आहे. मग हे स्कोअरबोर्डला का कळत नाही?"

मी म्हटलं, "त्याच्यावर दोघं-दोघं धावून जातात. त्यामुळे शेजारचे मोकळे सुटतात."

"सगळ्या डावांत?"

"काही डावांत."

"शेजारच्यांनी तरी किती पाडले?"

मी फोन ठेवला आणि वर जाऊन चहा केला. नवरा म्हणाला, "तू त्याचे मार्क तपासतेस की तुझा जुना रिपोर्ट?" मला राग आला. चाळीस वर्षांच्या संसारात नवऱ्याचं खरं निघालं की मला राग येतो.

दुसरा मोसम संपल्यावर जानेवारीत ठरवायची वेळ आली. त्याचा करार असा की तिसऱ्या वर्षी ठेवायचा की सोडायचा हे क्लबनं सांगायचं. ग्रेगनं मला त्याच्या दोन्ही मोसमांची फिल्म पुन्हा काढायला लावली. म्हणाला, "तुम्हीच म्हणालात घ्या. आता तुम्हीच सांगा, ठेवू की सोडू. एक शब्द हवा." चोवीस वर्षांच्या माणसाचं पुढचं आयुष्य माझ्या एका शब्दावर होतं. क्लबनं सोडलेल्या पहिल्या नंबराला दुसरे क्लब सहसा हात लावत नाहीत.

मी सगळं पहिल्यापासून बघायला बसले आणि तिसऱ्या दिवशी एक गोष्ट दिसली. तो उशिरा निघत होता. चुकीचा नव्हे, उशिरा. पाऊल बरोबरच पडे, पण इतरांची पडून गेल्यावर. डोळ्याची एक पापणी लवेल एवढाच उशीर, आणि या खेळात तेवढ्यात डाव संपलेला असतो. माझ्या पाच पायऱ्यांत वेळेचा मार्कच नव्हता. बोर्डात तीन तासांत पोरानं कधी गणित सोडवलं हे कोण विचारतं?

मग मला वाटलं, गुडघा गेला असेल. म्हणून त्याची कॉलेजची फिल्म काढली, तेव्हाचं आणि आताचं पाऊल शेजारी शेजारी लावून बघायला. तेव्हा उशीर नव्हता. एकदाही नाही. मी तो एकच डाव मागे-पुढे करत बसले आणि कंटाळून नजर जरा बाजूला गेली. डॅरियनच्या उजव्या हाताला कोल नावाचा एक बुटका, रुंद पोरगा उभा असे. त्याच्याकडे मी तीन वर्षांत कधी धड बघितलं नव्हतं, कारण त्याची उंची क्लबांच्या मापात बसत नव्हती आणि मला त्याचे मार्क कुणी मागितले नव्हते. चेंडू हलायच्या आधी कोलचं हेल्मेट क्षणभर डावीकडे वळलं. डॅरियनकडे. मग पुन्हा समोर.

मी पुढचा डाव लावला. हेल्मेट वळलं. त्याच्या पुढचा. वळलं. जवळजवळ प्रत्येक डावात वळत होतं, आणि डॅरियनचं ते स्वच्छ पाऊल त्यानंतर पडत होतं. शेजारचा सांगत होता. आम्हाला येते त्या फिल्मला आवाज नसतो. तीन वर्षं तो पोरगा डाव ओरडून सांगत होता आणि मी ते ऐकल्याशिवाय दुसऱ्याला पैकीच्या पैकी देत होते.

आता ज्यानं कधी बोर्डाचे पेपर तपासलेत त्याला मला काय वाटलं ते कळेल. एका केंद्रावरचे शेजारशेजारच्या बाकांवरचे पेपर गठ्ठ्यात लागोपाठ येतात. दोन्हींत तीच पायरी, तीच गाळलेली ओळ दिसली की आम्ही लाल पेन खाली ठेवायचो आणि मॉडरेटरना हाक मारायचो. मी अशा कॉप्या पकडण्यात आख्ख्या केंद्रात प्रसिद्ध होते. आणि इथे दोन पेपर एकाच पडद्यावर, हातभर अंतरावर होते, आणि मी त्यातला एकच वाचला होता. मला स्वतःची लाज वाटली. ती अजून गेलेली नाही.

पण ही कॉपी तरी होती का? इथेच माझं डोकं फिरायला लागलं. खेळात शेजाऱ्यानं सांगणं गुन्हा नाही, उलट तेच शिकवतात. कबड्डीत साखळीतला एक ओरडतो तेव्हाच दुसरा पाय धरतो. मग डॅरियन लबाड नव्हता. पण मी लिहिलेला डॅरियनही नव्हता. मग कोण फुकट गेलं?

डॅरियन हिवाळ्यात आईकडे डार्टमथला होता. मी फोन केला, आणि दुसऱ्या दिवशी फेरीबोट पकडून खाडीपलीकडे गेले. धक्क्याजवळच्या कॉफीच्या दुकानात तो आधीच येऊन बसला होता, खुर्चीत मावत नव्हता. मला बघून उठला, माझा कोट काढून घेतला. आईनं चांगलं वळण लावलंय.

मी आडवळण घेतलं नाही. "कोल तुला डाव सांगायचा?"

"हो," तो म्हणाला. "प्रत्येक वेळी. त्याला समोरच्या गड्याच्या बोटांवरून कळायचं. जमिनीवर टेकलेली बोटं पांढरी पडली की ते चेंडू घेऊन पळणार, फेकणार नाहीत. मला नाही दिसत ते. मी खूप प्रयत्न केला."

"तू कुणाला सांगितलं का नाहीस?"

तो खरंच बुचकळ्यात पडला. "सगळ्यांना माहीत होतं, मिसेस के. आख्ख्या मैदानाला ऐकू जायचं. तुम्हाला नव्हतं माहीत?"

"फिल्मला आवाज नसतो रे."

"ओ," तो म्हणाला, आणि खिडकीबाहेर बघत बसला. मी पण बघितलं. बाहेर एक माणूस फावड्यानं बर्फ लोटत होता आणि वाऱ्यानं ते पुन्हा तिथेच येत होतं.

मी विचारलं, "आणि क्लबात? शेजारी कोण असतो?"

"एक जुना आहे, दहा वर्षं खेळलेला. मी पहिल्या सराव-कँपमध्ये त्याला विचारलं, तुला काही दिसलं तर मला सांगशील का. तो म्हणाला, तुला पहिल्या नंबरानं आणलंय, मी काय सांगणार?" त्यानं कप फिरवला. "मग मी परत नाही विचारलं."

हे ऐकून मला जे वाटलं ते सांगायला शब्द नाहीत, पण ढोबळ सांगायचं तर मला माझाच कान धरावासा वाटला. कारण ती दोन वर्षं मी लिहिलेल्या एका ओळीनं त्याचं तोंड बंद केलं होतं. डाव ओळखण्यात याच्या तोडीचा दुसरा नाही, असं ज्याच्याबद्दल लिहिलंय त्यानं शेजाऱ्याला कोणत्या तोंडानं विचारायचं?

"मी बस्ट आहे का?" त्यानं विचारलं. सरळ, माझ्याकडे बघून.

"मला माहीत नाही," मी म्हटलं. खरं तेच होतं. त्याला बरं वाटेल असं काहीतरी बोलता आलं असतं. तेवढं सुचलं नाही.

मग तो म्हणाला, "कोलला बोलवा."

"कोल काय करतो आता?"

"काकांबरोबर घरांची छपरं शाकारतो. पण रोज जिमला येतो. त्याला कुणी बोलावलंच नाही. त्याला कँपला बोलवा, मिसेस के. त्याच्यासारखं कुणाला दिसत नाही. तुम्ही सांगितलं तर ऐकतील."

आता इथे मला थांबून एक गोष्ट कबूल करायची आहे. इथल्या नियमानं प्रत्येक क्लबला काही जागा कॅनेडियन खेळाडूंसाठी ठेवाव्या लागतात, पण त्या किती असाव्यात याचा हिशेब क्लब आधीच करून ठेवतो. आमच्या क्लबच्या बचावाच्या रांगेत अशी जागा भरणारे दोघंच ठेवायचे ठरले होते. एक जागा पक्क्या माणसाची होती. दुसरी डॅरियनची. कोल आत आला तर कोण बाहेर जाणार हे कळायला गणिताची बाई असावं लागत नाही. मला ते त्या टेबलावर बसल्या बसल्या दिसलं. मी त्याला सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. मी मनाशी म्हटलं, दोघं शेजारी उभे राहतील, पुन्हा जुळेल, क्लब एखादी जागा वाढवेल. मला तसं घडायला हवं होतं म्हणून मी तसंच घडेल असं धरलं. आणि त्याला काही कळत नाहीये हेही धरलं.

मी परत येऊन रिपोर्ट लिहिला. आयुष्यातला सगळ्यात वाईट रिपोर्ट. पहिलं वाक्य असं: "याला समोरचा डाव स्वतःहून ओळखता येत नाही." मग कोलबद्दल लिहिलं, हेल्मेटबद्दल लिहिलं, दोघांना शेजारी ठेवून बघावं असं लिहिलं, आणि शेवटी लिहिलं की गेल्या वेळचा माझा रिपोर्ट चुकीचा होता, त्याचा दोष खेळाडूकडे जात नाही. ठेवा की सोडा याच्या चौकोनात मी लिहिलं, "कँपपर्यंत ठेवा." ग्रेग म्हणाला, "हा एक शब्द नाही." पण त्यानं ऐकलं. कोलला कँपचं पत्र गेलं.

मे महिन्यात कँप झाला. मी बेसमेंटमध्ये बसून रोजची फिल्म बघत होते. पहिल्या आठवड्यात दोघं शेजारी उभे होते आणि काय सांगू, जुना डॅरियन परत आला. कोलचं हेल्मेट वळलं की याचं पाऊल पडलंच. मी वर जाऊन नवऱ्याला हाताला धरून खाली आणलं आणि दाखवलं. त्यानं बघितलं आणि म्हणाला, "मला तर तो बुटकाच बरा दिसतोय." दुसऱ्या आठवड्यात कोचांनाही तसंच दिसायला लागलं. त्यांनी कोलला टोकाशी उभं करून बघितलं. त्याला उंची लागली नाही. त्याला आधीच माहीत असायचं.

जूनच्या पहिल्या शनिवारी नावं कमी करायची असतात. ग्रेगनं मला आधी फोन केला, एवढी माणुसकी त्याच्यात आहे. "तुमच्या पहिल्या वाक्यावर ठरवलं," तो म्हणाला. "बाकीचं चांगलं लिहिलंय, पण शेवटी तेच खरं ना? दोघांतला एकच ठेवायचा तर ज्याला दिसतं तो ठेवणार." मी पुष्कळ बोलले. शेजाऱ्याबद्दल बोलले, जुळण्याबद्दल बोलले. तो ऐकून घेत होता आणि मधूनच टोपण चावल्याचा आवाज येत होता. मग म्हणाला, "मिसेस के, तुम्ही एक गडी शोधून दिलात. आनंद माना."

मी त्या महिन्याअखेर काम सोडलं. वय झालं होतंच. लोकांना निवृत्ती असं सांगितलं.

कोल आज त्या क्लबातून खेळतो, चांगला खेळतो. पेपरात लिहितात की हा कुठून उगवला, कुणाला कसा दिसला नाही. डॅरियनला दुसऱ्या कुणी बोलावलं नाही. तो इथे परत आला, आणि त्याच्या कॉलेजच्या संघाला लाइनवर उभं राहायला शिकवतो. गणपतीच्या रांगेत मला विचारणारे ते हेच धरून विचारतात, की बघा, पहिला नंबर, आणि आता इथे पोरांना शिट्टी मारतोय.

मी तीन महिने लोरेनची बस टाळली. बाजारात जायचं तरी चक्क पंचवीस मिनिटं चालत जायचे. सप्टेंबरात एक दिवस पाऊस होता, गुडघा दुखत होता, आणि म्हटलं, होऊन जाऊ दे. चढले. लोरेन चाकावर. तिनं फक्त मान हलवली. मी नेहमीच्या पुढच्या सीटवर बसले. बस चालू असताना ती बोलत नाही, तो तिचा नियम. फेरीच्या धक्क्यावर बस दहा मिनिटं थांबते. सगळे उतरले. तिनं दार मिटलं आणि वळून बसली.

"तुम्ही मला टाळताय," ती म्हणाली.

"हो."

"का?"

मी सगळं सांगितलं. जागा एकच होती हे मला त्या कॉफीच्या दुकानात माहीत होतं, आणि मी तिच्या पोराला सांगितलं नाही. त्यानं मित्रासाठी मागितलं आणि मी त्याला न सांगता त्याचीच जागा देऊन टाकली. मला वाटलं होतं सांगताना रडू येईल, पण आलं नाही.

लोरेन म्हणाली, "तुम्हाला वाटतं त्याला माहीत नव्हतं?"

मी हातातली छत्री खाली ठेवली.

"त्या दिवशी तुम्हाला भेटून तो घरी आला. बूट काढता काढताच म्हणाला, मॉम, मी आज मिसेस केंना कोलचं नाव दिलंय. त्या बोलावतील त्याला. तो कँपमध्ये माझ्या शेजारी उभा राहील, मी एक आठवडा चांगला दिसेन, मग कोच त्याला टोकाला उभं करून बघतील, आणि मग मी घरी येईन. मी म्हटलं, मग दिलंस कशाला? तर म्हणाला, तीन वर्षं त्यानं मला सांगितलं ना." तिनं आरशात एकदा मागे बघून घेतलं. बस रिकामी होती. "दर आठवड्याला तिथून फोन करून सांगायचा, मॉम, चाललंय तसंच चाललंय. एक दिवस इकडचा तिकडे झाला नाही."

बाहेर लोक छत्र्या मिटत दारापाशी उभे राहायला लागले होते. लोरेननं घड्याळ बघितलं. अजून दोन मिनिटं होती.

"तुम्ही त्या शेवटच्या रिपोर्टात काय लिहिलं होतं त्याच्याबद्दल?" तिनं विचारलं. "त्यानं कधी सांगितलं नाही मला."

ते वाक्य मला तोंडपाठ होतं. मी तिला ते जसंच्या तसं म्हणून दाखवलं, की याला समोरचा डाव स्वतःहून ओळखता येत नाही, आणि म्हणता म्हणताच मला ऐकू आलं, हाही रिपोर्ट चुकला होता.